खिशातलं प्यादं

आमच्या बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये फिटर एकवीस आहेत, पण 'फिटरला बोलाव' म्हटलं की एकच माणूस येतो. वय बावन्न, बोटं जाड, नखांखाली कायमचं वंगण, बोलणं मोजकं. उघडलेला गिअरबॉक्स पुन्हा जोडताना तो कान लावून ऐकतो आणि सांगतो, "हा रडतोय अजून. उघडा." पुन्हा उघडावा लागतो, आणि आत काही ना काही सापडतंच.

एका संध्याकाळी ब्रेक नीट न धरणारी गाडी 'योग्य' म्हणून रस्त्यावर सोडायची होती. कागदावर फिटरची सही हवी होती. फिटरने पेन खाली ठेवलं आणि हात पुसत निघून गेला. गाडी दुसऱ्याच्या सहीने गेली. महिन्याभरात फिटरच्या नावाने कागद आला: एक तारखेपासून डोंगरापलीकडच्या डेपोत रुजू व्हावं. दीड दिवसाचा प्रवास, राहायला बराक, कुटुंबाला परवानगी नाही.

त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर युनियनचा नेता म्हणून मी म्हटलं असतं, जा बाबा, वर्षभरात परत आणतो तुला. पण फिटरच्या घरी त्याची बायको होती. चौदा महिन्यांपूर्वी तिला झटका आला, उजवी बाजू गेली, वाचाही गेली. रोज संध्याकाळी साडेपाचला तो तिला शहरातल्या इस्पितळात व्यायामाला नेतो. तिथल्या बाई तिचा हात हलवतात, जीभ हलवायला लावतात. परत आलेला प्रत्येक शब्द फिटरने स्वयंपाकघराच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवलाय. तेव्हा अकरा शब्द होते. पाणी. नको. उजेड. अहो. का. असेच साधे. डोंगरापलीकडे अशा व्यायामाची सोय नव्हती, आणि इथे तिला नेणारं दुसरं कुणी नव्हतं. बदली झाली असती तर ती भिंत अकरावरच थांबली असती.

मी शाळा सातवीत सोडली. परिपत्रकं वाचायला मात्र माझा मीच शिकलो, कारण खालच्या माणसाने कागद शेवटपर्यंत वाचायचा नाही या एका भरवशावर साहेब लोकांचं राज्य चालतं. फिटरचा हुकूम लागला त्या दिवशी मी कार्यालयातली जुनी फाईल मागवून बसलो आणि नवव्या पानावर कलम सापडलं: खात्याच्या खेळाच्या संघात निवड झालेल्या कर्मचाऱ्याची वर्षभर बदली करू नये. फुटबॉलवाले हे कलम दरवर्षी वापरतात. बुद्धिबळाच्या संघासाठी ते कुणी वापरलं नव्हतं, कारण त्या संघात बहुतेक साहेबच असतात आणि साहेबांना कोण हलवतंय?

आणि फिटर बुद्धिबळ खेळत होता. खात्याच्या स्पर्धेत दरवर्षी नाव द्यायचा, मधेच कुठेतरी गळायचा. या वर्षी सात फेऱ्यांपैकी चार झाल्या होत्या आणि तो चांगला चालला होता. संघात पाच जणांना घेणार होते.

"पाचात ये," मी म्हणालो. "बाकी माझ्यावर सोड."

"सातव्या फेरीत स्टोअरचे साहेब आहेत," तो म्हणाला. तेवढंच. पण मला कळलं.

स्टोअरचे साहेब म्हणजे भांडार अधिकारी. मऊ बोलणारा माणूस, टोपणाचं पेन. एक वायसर हवा असला तरी तीन सह्या मागतो, आणि तिसरी सही घेऊन गेलं की पहिली अस्पष्ट आहे म्हणून परत पाठवतो. मागच्या वर्षी त्याने फिटरला सहा खेळ्यांत कापलं होतं. दहाव्या खेळीला फिटर हार मानून उठला, तेव्हा साहेबाने निकालाचा कागद पुढे सरकवला आणि मऊ आवाजात म्हणाला, "इथे सही करा." हे आठवलं की माझं डोकं अजून तापतं.

ते सहा खेळ्यांत कसं झालं ते समजायला डेपोचं बुद्धिबळ माहीत हवं. कँटीनच्या टेबलावर रंगाने पट काढलाय. प्यादी म्हणजे नट, घोडे म्हणजे वाकलेले बोल्ट, राजा म्हणजे बेअरिंग. जेवणाची सुट्टी अर्धा तास, त्यात जेवण आणि डाव दोन्ही. त्यामुळे विचार करायला कुणाला वेळ नसतो. जो जास्त मारतो तो जिंकतो. मारलेला नट ओव्हरऑलच्या खिशात टाकायचा, चालताना तो वाजला पाहिजे. आणि एकदा खिशात गेलेलं परत जाऊ द्यायचं नाही. एक मारून नंतर एक गमावणाऱ्याला आमच्याकडे 'खिशातलं काढून देणारा' म्हणतात. ही शिवी आहे. फिटर या टेबलावर तीस वर्षं खेळलाय.

तर साहेबाने वजिरापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. फिटरनेही तेच केलं, दोघांची प्यादी पटाच्या मधोमध समोरासमोर आली. दुसऱ्या खेळीला साहेबाने शेजारचं, उंटापुढचं प्यादं दोन घरं आणून फिटरच्या प्याद्याच्या तोंडाशी ठेवलं. मागे आधार नाही. घे म्हणून. फिटरने घेतलं. घेतलं ते घेतलं, मग ते टिकवायला निघाला. शेजारचं प्यादं पुढे काढून आधार दिला. साहेबाने त्या आधारावर बाजूने प्यादं घातलं. फिटरने आधाराला आणखी एक आधार दिला. मारामारी झाली आणि राजापुढचं प्यादं आधीच एक घर सरकवलेलं असल्याने साहेबाचा वजीर सहज तिरका दोन पावलं बाहेर आला. तिथून कोपऱ्यातल्या फिटरच्या हत्तीपर्यंत तिरकी रेघ मोकळी. मधे उभी राहायची ती सगळी प्यादी एका फुकटच्या प्याद्याची राखण करायला गेली होती.

या वेळी मी ठरवलं, शिकवायचं. रद्दीच्या दुकानातून पहिली अकरा पानं नसलेलं एक पुस्तक आणलं. भाषा आम्हा दोघांना येत नव्हती, पण खेळ्यांचे आकडे कळत होते. संध्याकाळी इस्पितळातून आल्यावर फिटरच्या स्वयंपाकघरात बसायचो. टेबलावर नटबोल्टांचा पट, पलीकडे खुर्चीत वहिनी, मांडीवर निर्जीव उजवा हात.

"हे प्यादं मारायचं नाही," मी पहिल्याच दिवशी म्हणालो.

"फुकटचं आहे, नेते."

"फुकटचं आहे म्हणूनच नाही."

"हे तू सभेत बोल. मला कारण सांग."

कारण मला येत नव्हतं. पुस्तकात नुसत्या खेळ्या. मी चिडलो, तोही चिडला, आणि मुकाट्याने पुन्हा तीच दोन प्यादी मांडत बसला. तेवढ्यात वहिनींनी डावा हात लांब केला आणि साहेबाच्या त्या नटावर बोट ठेवलं.

"का," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ ओठ नुसते हलले. "देतो."

मला वाटलं त्या कंटाळल्या. फिटर मात्र हातातला नट तसाच धरून बसला.

"बरोबर आहे हिचं," तो म्हणाला. "वायसरला तीन सह्या मागणारा माणूस दुसऱ्या खेळीला प्यादं फुकट का देतो?"

त्याने दोन्ही बाजूंनी पटाकडे पाहिलं. उठून साहेबाच्या जागी जाऊन बसला. तिथून पाहिलं. गिअरबॉक्स ऐकताना करतो तसा चेहरा केला.

"त्याला माझं मधलं प्यादं तिथून उठवायचंय," तो हळू म्हणाला. "मी मारायला बाजूला गेलो की मधली वाट त्याची. प्यादं तो देत नाहीये. जागा घेतोय."

"मग काय करायचं?"

"जागा सोडायची नाही." त्याने राजापुढचा नट एक घर पुढे करून मधल्या प्याद्याच्या पाठीशी लावला. पुस्तकातही तेच होतं, मी आकडा दाखवला. 'देतो' हा बारावा शब्द त्याने त्याच वेळी उठून भिंतीवर लिहिला.

पण दुसऱ्या दिवशी नवीच अडचण. राजापुढचं प्यादं एकच घर पुढे आल्याने वजिराच्या बाजूचा त्याचा उंट कोंडला गेला. समोर आपलंच प्यादं. फिटरला ते बघवेना.

"गाडी गॅरेजमध्ये आणि दारात ड्रम," तो म्हणाला. "माझाच माणूस कोंडून मी कसा खेळू?"

"दहा-बारा खेळ्या कोंडला तर मरत नाही."

"तुला काय जातंय बोलायला."

वहिनी त्या कोंडलेल्या व्हॉल्व्हकडे बघत होत्या. उंट म्हणून आम्ही व्हॉल्व्ह वापरतो. "उंट," त्या म्हणाल्या. साफ. तेरावा. फिटरने खडू घेतला, पण या वेळी लिहायला त्याला जरा वेळ लागला.

शेवटच्या आठवड्यात मला दुसऱ्या डेपोच्या धरण्यावर जावं लागलं. जाताना मी दारातून बजावलं, "काही झालं तरी ते प्यादं मारायचं नाही. तेवढं एक पाळ." त्याने मान हलवली. आता आठवतं, हो म्हणाला नव्हता.

सहाव्या फेरीनंतर हिशोब सरळ होता. हरला तर सहावा, बदली. अर्धा गुण मिळाला, म्हणजे नुसती बरोबरी केली, तर पाचवा.

फेरी मुख्य कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात, दुपारी दोनला. बघ्यांना भिंतीला लागून उभं राहायची मुभा, बोलायची नाही. डेपोतून मी आणि वेल्डर. वेल्डरचं तोंड बंद ठेवणं हे वेगळंच काम होतं.

साहेब आधीच येऊन बसले होते. "या, फिटर. आजही लवकर मोकळं व्हायचंय?"

"साडेपाचला इस्पितळात पोचायचंय, साहेब."

"अहो, अडीचपर्यंत सोडतो."

वेल्डर माझ्या कानाशी पुटपुटला, "याला एकदा गाडीखालच्या पिटात उतरवायला पाहिजे." मी त्याचं मनगट धरून ठेवलं.

वजिरापुढचं प्यादं दोन घरं. फिटरचंही. मग ते दुसरं, तोंडाशी आणून ठेवलेलं. फिटरचा हात वर गेला, प्याद्यांवरून फिरला आणि राजापुढचं एक घर पुढे गेलं. साहेबाने भुवई उचलली. घोडे निघाले. साहेबाचा एक उंट लांब येऊन फिटरच्या घोड्यावर डोळा ठेवून बसला. फिटरने आपला दुसरा उंट मधे आणला, किल्लेकोट करून राजाला आत घेतलं. सगळं जागेवर, सगळं दाटीवाटीत. कोंडलेला उंट कोंडलेलाच. घड्याळात तीन वाजून गेले आणि साहेबाने अजून त्याला सोडलं नव्हतं.

साहेबाची आठवी खेळी. राजाच्या बाजूचा उंट बाहेर काढून त्याने वजिरापुढे ठेवला. साधी खेळी, बसायला जागा करून दिल्यासारखी.

फिटरने बराच वेळ त्या उंटाकडे पाहिलं. मग त्याने मधलं प्यादं उचललं आणि साहेबाचं ते प्यादं मारलं.

आठ खेळ्या कळ काढली आणि शेवटी हात गेलाच. त्याहून वाईट म्हणजे मारलेलं पांढरं प्यादं टेबलावर न ठेवता त्याने खिशात टाकलं. पंचाचं लक्ष नव्हतं. वेल्डर मात्र खूश. "खिशात," तो पुटपुटला. साहेबाच्या ओठांवर मागच्या वर्षीचंच हसू आलं. आता हा ते टिकवायला जाणार, शेजारचं प्यादं काढणार, आधाराला आधार देणार. मला तिथून ओरडून सांगावंसं वाटत होतं. चार माणसांच्या बदल्या मी आरडाओरडा करून थांबवल्यात. इथे श्वासही जपून घ्यावा लागत होता.

साहेबाने उंटानेच ते प्यादं परत मारलं. आता फिटरची पाळी. त्याने प्याद्यासाठी काहीच केलं नाही. गेलं तर गेलं. घोडा उचलून पटाच्या मधोमध आणून ठेवला.

साहेबाचं हसू थांबलं. मला अजून कळलं नव्हतं. वेल्डर म्हणाला, "एक मारलं, एक गेलं. खिशातलं काढून दिलं याने."

"गप्प," मी म्हणालो, आणि खेळ्या बोटांवर मोजल्या. साहेबाचा उंट आधी एकदा हलला, वजिरापुढे येऊन बसला. मग प्यादं घ्यायला पुन्हा हलला. जिथे एकदम जायचं, तिथे दोन फेऱ्या. फिटर आठ खेळ्या थांबला होता तो याचसाठी. उंट घरात असताना प्यादं मारलं असतं तर तो एकाच उडीत परत घेऊन गेला असता. आम्हाला एका बेअरिंगसाठी स्टोअरला दोन हेलपाटे घालायला लावणाऱ्या माणसाला फिटरने हेलपाटा घालायला लावला होता, आणि त्या वाचलेल्या खेळीत आपला घोडा मधे आणला होता. हे पुस्तकात होतं की त्या आठवड्यात नवराबायकोने दोघांनी मिळून शोधलं, ते मला आजही माहीत नाही.

मग मारामारी झाली. उंटाला उंट, घोड्याला घोडा. दाटी कमी झाली. बाराव्या खेळीला फिटरने राजापुढचं प्यादं, तेच दारातलं, आणखी एक घर पुढे ढकललं. साहेबाने मारलं, फिटरने घेतलं, पुन्हा मारामारी. आणि मग सबंध दुपार कोपऱ्यात पडलेला तो उंट एका सरळ तिरक्या रेघेत बाहेर आला.

सव्वाचार. साहेबाने पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. वीस मिनिटं विचार केला. खेळी करून त्याने मान वर न करताच हात पुढे केला.

"बरोबरी?"

मी डाव पाहिला. मला फार कळत नाही, पण एवढं कळत होतं की आता फिटर वर होता. साहेबाच्या घड्याळात थोडाच वेळ उरला होता, मान लाल झाली होती. ही वेळ होती. त्या 'इथे सही करा'चा बदला, सगळ्या डेपोच्या हेलपाट्यांचा बदला. मी फिटरकडे बघून मान हलवली, नको. वेल्डरने तर दोन्ही हातांनी खूण केली. फिटरने आमच्याकडे पाहिलं, नीट पाहिलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. चार पस्तीस. त्याचा एक हात खिशात होता आणि आत काहीतरी घट्ट धरलेलं होतं. साहेबाचा हात तसाच हवेत. एक मिनिट गेलं असेल. त्या मिनिटात मी त्याला मनातल्या मनात काय काय म्हणालो ते इथे लिहीत नाही.

फिटरने हात खिशातून काढला आणि साहेबाचा हात हातात घेतला. मग निकालाचा कागद उचलून त्यांच्यापुढे सरकवला.

"साहेब, इथे सही."

पंच पट आवरायला आले. मोजलं, परत मोजलं. "एक पांढरं प्यादं कमी आहे."

सगळे फिटरकडे बघायला लागले. त्याने खिशात हात घातला, प्यादं काढलं आणि टेबलावर ठेवलं. "सवय," तो म्हणाला.

जिन्यात वेल्डरने सुरुवात केली. "डेपोत कळलं तर तोंड दाखवायला जागा नाही. खिशातलं खरोखर काढून दिलंस."

"दिलं."

"जिंकत होतास," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "त्याच्याकडे वेळ नव्हता. त्याला कुणी वाचवलं? तू."

"जिंकत होतो बहुतेक."

"मग?"

तो दोन पायऱ्या उतरून थांबला. "नेते, मला पाचवा यायचं होतं. आलो. पुढचा डाव तुझा होता, तो मी का खेळू?"

यावर माझ्याकडे बोलण्यासारखं बरंच होतं, पण तो तोवर रस्त्यावर पोचला होता. वेल्डर माझ्याकडे न बघता पायऱ्या मोजत उतरत होता. मी शेवटी काय करणार, कलमाचा कागद खिशातून काढला आणि त्याच पायऱ्यांनी वर चढलो. पाच नावांची यादी पंचाच्या सहीशिक्क्यानिशी हातात घेतल्याशिवाय हललो नाही. सोमवारी ती आस्थापना विभागाच्या टेबलावर आपटली. बदली वर्षभरासाठी थांबली. वर्षभर, त्याहून एक दिवस जास्त नाही. पुढचं पुढे बघू.

त्या दिवशी यादी घेऊन मी इस्पितळात पोचलो तेव्हा पावणेसहा झाले होते. व्यायामाच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. वहिनी खुर्चीत, उजवा हात तिथल्या बाईंच्या हातात. फिटर समोर स्टुलावर, अजून ओव्हरऑलमध्येच. त्याने नुकतंच सांगितलं असावं, कारण वहिनींचे ओठ हलत होते आणि बाई थांबून वाट बघत होत्या.

"उंट?" वहिनींनी विचारलं.

"सुटला," फिटर म्हणाला.